प्रोबेट, सक्सेशन की वारस दाखला? कोर्टाची पायरी चढण्याआधी वंशावळ लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील साताऱ्याला राहायचे, दहा महिन्यांपूर्वी गेले. मागे आई, दोन भाऊ आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई. मुलुंडला एक फ्लॅट, साताऱ्याजवळच्या गावी जमीन, तीन बँकांत ठेवी आणि डीमॅट खात्यात काही शेअर. वडिलांनी साध्या कागदावर स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलंय: फ्लॅट आईला, जमीन तिघा भावंडांना सारखी. ठेवींचा आणि शेअरचा त्यात उल्लेख नाही. दोन साक्षीदारांपैकी एक वारले. सोसायटीत आणि दोन बँकांत थोरल्या भावाचं नॉमिनेशन आहे. धाकटा भाऊ चार वर्षं बोलत नाही. बँक म्हणते सक्सेशन आणा, सोसायटी म्हणते प्रोबेट आणा, तलाठी म्हणतात वारस ठरवून आणा. मग सुरुवात कुठून करायची? आणि अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ: "आजी गावी काकांकडे असते, तिचं वय ८९."

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटची आहे, आणि माझा अंदाज आहे की तुम्ही ती लिहू की नको असा विचार करूनच लिहिली असेल. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला की त्याची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. त्या वर्गात बायको आहे, मुलगे आहेत, मुली आहेत, आणि त्याची आईसुद्धा आहे. वडील त्यात नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात. हे उलटंसुलटं वाटतं म्हणून लोक विसरतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निदान तीन-चार घरांनी आजीला वारसांच्या यादीत धरलेलंच नसतं.

म्हणजे मृत्युपत्रात ज्यांचा उल्लेख नाही त्या ठेवी आणि शेअर यांचे चार नव्हे, पाच सारखे वाटे होतात: आई, तुम्ही तिघं भावंडं आणि आजी. आणि उद्या आजी गेली, तर तिचा पाचवा हिस्सा तिच्या वारसांकडे जाईल. त्यात काका येतील, आत्या असतील तर त्या येतील, आणि तुमच्या वडिलांच्या वाट्याचे म्हणून तुम्ही तिघं याल. आज पाच माणसांची सही लागते. उद्या कदाचित बारा लागतील, त्यातले दोघं परगावी आणि एक रुसलेला. म्हणून मी अशा घरांना पहिली गोष्ट सांगतो ती कोर्टाची नसतेच. एक मोठा कागद घ्या आणि आजोबांपासून खाली वंशावळ काढा. जिवंत, मयत, लग्न झालेल्या, दत्तक गेलेले, पहिल्या लग्नाची मुलं, सगळे. प्रत्येकाचा आत्ताचा पत्ता आणि वय. मयतांच्या मृत्यूची तारीख. जो माणूस 'काही मागणार नाही' त्याचं नाव आधी लिहा.

हे मी इतकं ठासून सांगतो त्यामागे एक जुनी जखम आहे. वकिली सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. एका गृहस्थांनी अर्जात तीन वारस सांगितले, मी तीनच लिहिले. दाखला मिळाला, पैसे निघाले, वाटून झाले. दोन वर्षांनी एक बाई कोर्टात हजर. त्यांची सख्खी बहीण, आंतरजातीय लग्न केलं म्हणून घराने नाव टाकलेलं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३८३ खाली तिने दाखला रद्द करण्याचा अर्ज दिला आणि तो रद्द झाला, कारण महत्त्वाची गोष्ट कोर्टापासून लपवून तो मिळवलेला होता. पैसे तोवर एकाच्या घराच्या स्लॅबमध्ये गेले होते. तेव्हापासून मी पक्षकाराला तीनदा विचारतो, आणि तिसऱ्यांदा त्याच्या बायकोसमोर विचारतो.

आता तुम्हाला ज्या तीन कागदांच्या नावांनी गोंधळात टाकलंय ते वेगळे करू.

सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, फक्त येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं: बँकेतली ठेव, शेअर, बाँड, कुणाला उसने दिलेले पैसे. जमीन आणि फ्लॅट यांच्याशी त्याचा संबंध नाही. गावोगावी लोक सात-बाऱ्यासाठी सक्सेशन काढायला येतात, त्यांना मी परत पाठवतो.

वारस दाखला हा शब्द मात्र दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक कोर्टाचा, जो आपल्याकडे अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठप्रमाणे मिळतो. दोनशे वर्षांपूर्वीचा कंपनी सरकारचा नियम, पण आजही सोसायट्या आणि कार्यालयं तोच मागतात. त्यात कोर्ट जाहीरनामा काढतं, हरकत घ्यायला महिनाभर मुदत देतं, आणि मग 'हे हे वारस' अशी मान्यता देतं. पण लक्षात घ्या, त्याने मालकी मिळत नाही. वारस म्हणून मालमत्तेचा कारभार कुणी बघायचा एवढंच त्यातून ठरतं, आणि हे त्या रेग्युलेशनमध्येच लिहिलंय. दुसरा वारस दाखला महसूल खात्याकडचा, पेन्शन वगैरे कामांसाठी चालणारा. तुमचे तलाठी जे 'वारस ठरवून आणा' म्हणाले, त्यांना बहुधा या दोन्हींतला एकही नको आहे. त्यांना वंशावळीचं शपथपत्र हवंय. परत जाऊन विचारा.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. तो फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला, एक्झिक्युटरला, मिळतो. तुमच्या वडिलांनी कुणाला नेमलेलं नाही. मग प्रोबेट मागताच येत नाही. मागायचं ते मृत्युपत्र जोडलेलं लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे प्रशासनपत्र. आई लाभार्थी आहे, तिला अर्ज करता येतो. काम जवळजवळ सारखंच, नाव वेगळं. पण चुकीच्या नावाने अर्ज केला की पहिल्याच छाननीत परत येतो.

सोसायटीच्या 'प्रोबेट आणा' या मागणीबद्दल इथे थांबून सांगायला हवं, कारण या बाबतीत कायदा नुकताच बदललाय आणि खालपर्यंत ते अजून झिरपलेलं नाही. पूर्वी भारतीय उत्तराधिकार कायद्याची कलम २१३ आणि ५७ एकत्र वाचली की हिंदू, बौद्ध, शीख, जैन माणसाने मुंबईत केलेलं मृत्युपत्र, किंवा बाहेर केलेलं पण मुंबईतल्या स्थावर मिळकतीबद्दलचं मृत्युपत्र, प्रोबेट किंवा मृत्युपत्र जोडलेल्या प्रशासनपत्राशिवाय कोर्टात हक्क सांगायला वापरता येत नसे. मुलुंड मुंबईत येतं, त्यामुळे तुमच्या फ्लॅटला ते लागलं असतं. ठाण्याला असता तर नसतं. ही भेदाभेद ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ काढूनच टाकलं. आता प्रोबेट सक्तीचं नाही. पण मागायची सोय तशीच आहे, आणि काही घरांनी ती जरूर वापरावी. तुमचं घर त्यातलं आहे की नाही हे धाकट्या भावावर अवलंबून आहे. ते पुढे.

आधी कोर्टाबाहेर जे होऊ शकतं ते बघू. जे काम कोर्टाशिवाय होतं ते कोर्टात न्यायचं नाही, हा माझा नियम आहे, आणि त्यामुळे माझी फी बुडते हेही खरं.

नॉमिनेशन असलेल्या दोन बँका थोरल्या भावाला पैसे देतील. सक्सेशन मागण्याचा त्यांना अधिकार नाही. इथे घरात पहिली ठिणगी पडते, कारण थोरल्याला वाटतं पैसे आपले झाले. तसं नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा माणूस. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे डिसेंबर १९८३ मध्ये सरबती देवीच्या खटल्यात सांगितलं, आणि शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात. (विमा कायद्यात २०१५ मध्ये बदल झाला, पती, पत्नी, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर विम्याचे पैसे त्यांचेच. ठेवींना तो बदल लागू नाही.) तेव्हा थोरल्याशी आधी बोला. तो पैसे घेऊन पाच वाटे करायला तयार असेल तर त्याच्याकडून तसं साध्या भाषेत लिहून घ्या आणि त्याला पैसे काढू द्या. कोर्टाचा वेळ आणि शुल्क दोन्ही वाचतं. विश्वास नसेल तर बँकेला नुसतं पत्र लिहून उपयोग नाही, बँक कोर्टाचा मनाई हुकूमच बघते.

तिसरी बँक, जिथे नॉमिनी नाही, तिथे रक्कम किती ते सांगितलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आणि बँकांना ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अंमलात आणायला सांगितलं. त्याप्रमाणे व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत रक्कम असेल, आणि वाद नसेल, तर हमीपत्र आणि वारसांच्या सह्यांवर काम व्हायला हवं. सगळे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत. शाखेत नवीन आलेल्या साहेबांना हे ठाऊक नसतं. शांतपणे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पतसंस्थेत काही असेल तर मात्र हे निर्देश लागत नाहीत, तिथे त्यांचे उपविधी.

जमिनीसाठी कोर्ट लागत नाही, निदान पहिल्या टप्प्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. तुमचे दहा महिने झालेत, म्हणून काही दार बंद होत नाही. ई-हक्क प्रणालीवरून किंवा तलाठ्यांकडे (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय) अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, आठ-अ, सात-बारा, वंशावळीचं शपथपत्र. फेरफाराची नोंद होते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नोंद होताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: बहिणींची आणि आईची नावं 'इतर हक्क' या रकान्यात ढकलली जात नाहीत ना. जुन्या नोंदींत हे सर्रास दिसतं. तुमचं नाव भोगवटादार, म्हणजे जमिनीची धारक, म्हणूनच यायला हवं.

मृत्युपत्रात वडिलांनी 'जमीन तिघांना' लिहिलंय. इथे जुने फेरफार काढून बघावे लागतील. जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करता येतं. बाकी हिस्से ज्याचे त्याचे, त्यात आईचाही. मुलगी म्हणून तुमचा हक्क जन्मापासूनचा. विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला. पण आजोबा १९५६ नंतर गेले आणि त्यांच्या स्वतःच्या कमाईची जमीन वडिलांकडे वारसाने आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते आणि तिचं मृत्युपत्र पूर्ण चालतं. गावात दोन्हींना 'वडिलोपार्जित'च म्हणतात. कायद्यात फरक जमीन-अस्मानाचा.

सोसायटी. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये कलम १५४ब-१३ आलं. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सदस्य करून घेते, खरे वारस ठरेपर्यंत. वारस मृत्युपत्राचा कागद, कोर्टाचा वारस दाखला, सक्सेशन किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांतल्या आधाराने ठरवले जातात. तेव्हा थोरल्या भावाच्या नावाने सोसायटीने भाग हस्तांतरित केले तरी फ्लॅट त्याचा होत नाही. पण आजच आईच्या सहीने एक पत्र द्या: मृत्युपत्र आहे, प्रत सोबत, अंतिम निर्णयापूर्वी आम्हाला ऐकून घ्यावे. पोच घ्या. एवढ्या एका पोचेने पुढची दोन वर्षं वाचलेली मी पाहिली आहेत.

आता धाकटा भाऊ.

तुम्ही लिहिलंय, 'त्याला कळवलं नाही तर बरं.' नाही, ताई. कोर्टाच्या कुठल्याही वाटेने गेलात तरी त्याला नोटीस जाणारच, जायलाच हवी. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३७२ प्रमाणे सक्सेशनच्या अर्जात मयताचे कुटुंबीय आणि जवळचे नातेवाईक, त्यांचे पत्ते लिहावे लागतात, आणि खाली तुमची खरेपणाची सही असते. पत्ता माहीत असताना 'माहीत नाही' लिहिलंत आणि नुसत्या पेपरातल्या जाहीर नोटिशीवर भागवलंत, तर तो दाखला कधीही कोसळू शकतो. उलट करा. अर्ज टाकण्याआधी त्याला एक साधं पत्र पाठवा, वकिलाची नोटीस नको. सोबत मृत्युपत्राची प्रत, ठेवींची यादी, आणि 'तुझा हिस्सा असा असा येतो' हा हिशोब. बोलत नसलेल्या माणसाला बहुतेक वेळा पैशापेक्षा हे हवं असतं की आपल्याला मोजलंय. माझ्या अनुभवात अशी पत्रं गेलेल्या निम्म्याहून जास्त प्रकरणांत हरकत येत नाही. कधी उत्तरही येत नाही. तेही चालतं, गप्प बसणं म्हणजे हरकत नव्हे.

तो मृत्युपत्र मान्य करत असेल तर तुमचं काम कमी. आई, आजी आणि तिघं भावंडं मिळून कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त नोंदवा, सोसायटीला द्या. तिसऱ्या बँकेची रक्कम मर्यादेपेक्षा जास्त असेल किंवा शेअरसाठी डीमॅट खातं सांभाळणारी संस्था अडून बसली, तर तेवढ्यापुरतं सक्सेशन काढा. अर्ज साताऱ्यालाच, कारण वडील मरणसमयी तिथे राहत होते. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे तो चालेल. मुंबईतल्या शाखेसाठी मुंबईच्या कोर्टात जायला लागत नाही, सक्सेशन देशभर चालतं.

त्या अर्जात प्रत्येक खात्याचा क्रमांक, ठेव पावतीचा क्रमांक, आजच्या तारखेची व्याजासह रक्कम, प्रत्येक कंपनीच्या शेअरची संख्या अचूक लिहा. दाखल्यात जे लिहिलंय तेवढंच मिळतं. एक पावती राहिली की कलम ३७६ खाली दाखला वाढवून घ्यायचा, म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. म्हणून आधी शोध घ्या. वडिलांच्या पासबुकातल्या जुन्या व्याजाच्या नोंदी, लाभांशाचे जमा झालेले आकडे, कपाटातल्या पाकिटांवरची कंपन्यांची नावं. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल बघा. ज्या खात्यांचं काम नॉमिनेशनवर किंवा हमीपत्रावर होणार आहे ती यादीत घालू नका, कारण कोर्ट शुल्क रकमेवर लागतं. महाराष्ट्रात त्याला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. पैसे केव्हा भरायचे ते तिथल्या नाझर कार्यालयात, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेतात तिथे, आधीच विचारून ठेवा. हुकूम होऊन महिना गेला आणि शुल्काची सोय नाही म्हणून दाखला अडकलेला, असं नेहमी होतं.

पुढचा प्रवास नीरस आहे. छाननी, नंबर, नोटिसा, बेलिफ, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. हरकत नसेल तर तुमचं सरतपासणीचं शपथपत्र (म्हणजे शपथेवर लेखी दिलेली साक्ष), कागदांना पुरावा म्हणून क्रमांक, हुकूम, शुल्क, कधी हमी म्हणून बंधपत्र. भावंडं संमतीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देत असतील तर ती स्वतः हजर राहून दिलेली बरी. सगळं सुरळीत गेलं तर सहा महिने ते वर्ष धरून चाला. 'तीन महिन्यांत काढून देतो' म्हणणाऱ्या माणसाला तेवढंच विचारा की जाहीर नोटिशीची मुदत तो कशी कमी करणार.

संमतीबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. थोरल्याच्या नावावर दाखला निघायला तुम्ही 'हरकत नाही' लिहून दिलंत म्हणजे हिस्सा सोडलात असं होत नाही. तो फक्त गोळा करतो. स्थावरातला हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. आणि आजीकडून हक्कसोड घ्यायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर तिला तुमच्या काकांच्या समोर, तिच्या भाषेत समजावून सांगून, डॉक्टरचा दाखला घेऊन मगच. ८९ वर्षांच्या बाईचा अंगठा घाईने घेतलेला कागद हा उद्याचा दावा असतो. मला विचाराल तर तिचा पाचवा हिस्सा तिच्या खात्यावर जमा करा आणि मोकळे व्हा.

धाकटा मृत्युपत्र नाकारत असेल, 'बाबांची सही नाही' किंवा 'त्यांना काही कळत नव्हतं' म्हणत असेल, तर मात्र प्रशासनपत्राचा अर्ज करा. कायद्याने सक्ती नसली तरी. कारण एकदा ते मिळालं की मृत्युपत्राच्या खरेपणाचा निकाल फक्त तुमच्या घरापुरता राहत नाही, तो साऱ्या जगावर बंधनकारक असतो. सोसायटी, पुढे फ्लॅट विकत घेणारा, त्याची बँक, कुणीही पुन्हा तो प्रश्न काढू शकत नाही. हा अर्ज सातारा जिल्हा न्यायालयातही करता येतो, त्याचं पत्र महाराष्ट्रभर चालतं. राज्याबाहेर मोठी मालमत्ता असती तर मी उच्च न्यायालयात जायला सांगितलं असतं. आणि प्रशासनपत्राच्या वाटेने जायचंच ठरलं तर ठेवी, शेअर, सगळं त्याच अर्जाच्या परिशिष्टात घाला. मग वेगळ्या सक्सेशनची गरज उरत नाही.

त्या वाटेवर तुमची खरी अडचण साक्षीदाराची. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, पण कोर्टात सिद्ध करायला हयात असलेल्यांपैकी किमान एक पुरतो. तुमचा एक हयात आहे. वय कळलं नाही, पण वडिलांचा मित्र असेल तर सत्तरीच्या पुढचाच असणार. अर्ज आज करायचा की दिवाळीनंतर, याचं उत्तर त्या माणसाच्या तब्येतीत आहे. त्याचं शपथपत्र अर्जासोबतच जोडा. त्याला इतकंच सांगता यायला हवं की वडिलांनी आम्हा दोघा साक्षीदारांसमोर सही केली, त्यांना सगळं समजत होतं, आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सही केली. आत काय लिहिलंय ते त्याला माहीत नसलं तरी चालतं. दोन्ही साक्षीदार गेल्यावर सिद्ध करता येतच नाही असं नाही, तेव्हा हस्ताक्षर ओळखणारी माणसं उभी करावी लागतात. पण ते फार कष्टाचं.

मृत्युपत्र नोंदवलेलं नाही याची काळजी सोडा. नोंदणी ऐच्छिक आहे, स्टॅम्पही लागत नाही. नोंदणीकृत मृत्युपत्रंही पडलेली आहेत आणि वहीच्या कागदावरची टिकली आहेत. कोर्ट बघतं ते वेगळं: लाभ घेणाऱ्यानेच पुढाकार घेऊन ते लिहून घेतलं का, आजारपणात झालं का, बायको-मुलांना विनाकारण डावललं का. अशा शंका दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या निकालापासून ठरलेलं आहे. तुमच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, कुणाला डावललेलं नाही. माझ्या दृष्टीने चांगला कागद आहे. तो जपा. पंच करू नका, स्टेपल काढू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. एकदा एका मुलाने प्रेमाने वडिलांचं मृत्युपत्र लॅमिनेट करून आणलं होतं. शाई, कागद, दाब यांची तपासणी करायची वेळ आली तेव्हा तज्ज्ञाने हात वर केले.

भावाने हरकत दाखल केली तर अर्जाचं रूपांतर दाव्यात होतं आणि मग काळ वर्षांत मोजायचा. उच्च न्यायालयात नोटीस मिळाल्यापासून हरकतीला, म्हणजे कॅव्हेटला, चौदा दिवस असतात आणि त्यापुढे आठ दिवसांत समर्थनाचं शपथपत्र. तो दावा फक्त मृत्युपत्र खरं की खोटं एवढाच असतो. फ्लॅट वडिलांचा होता की आजोबांच्या पैशाचा, हा वाद तिथे सुटत नाही, त्याला वेगळा दिवाणी दावा. अनेक जण तिथे सगळी भांडणं घेऊन येतात आणि दर तारखेला निराश होऊन जातात.

उशिराबद्दल. प्रोबेट-प्रशासनपत्राला तीन वर्षांची मुदत लागते, पण ती मृत्यूच्या दिवसापासून नव्हे तर अर्जाची गरज पडल्यापासून मोजतात. तरीही तीन वर्षांनंतर गेलात तर कारण द्यावं लागतं, आणि 'इतकी वर्षं कागद कुठे होता' हा प्रश्न पहिल्याच तारखेला येतो. तुम्ही अजून वेळेत आहात.

या आठवड्यात करायची कामं म्हणून मी एवढीच धरेन: मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढा, आणि त्यावरचं नाव आधार, पासबुक, सात-बारा आणि शेअरवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. एका ठिकाणी 'दत्तात्रय' आणि दुसरीकडे 'दत्तू' असेल तर त्याचं शपथपत्र आत्ताच करा, तारखेला नको. साक्षीदाराला भेटून या. सोसायटीला पत्र द्या. धाकट्याला लिहा. आणि गावी जाऊन आजीचं बँकेत खातं आहे का, तिचं आधार चालू आहे का, एवढं विचारून या. तिचा हिस्सा जमा करायच्या दिवशी हमखास तिथेच अडतं.